थंडीतले डोंगर आणि दगडावरचे हात

पौष वद्य एकादशीच्या आधीचे तीन-चार दिवस सातपूरची सकाळ निराळी असते. पहिल्या पाळीला निघालेली माणसं आणि त्र्यंबकेश्वराकडे निघालेल्या दिंड्या एकाच रस्त्यावर भेटतात. एकीकडे कारखान्याचा भोंगा, दुसरीकडे टाळ-मृदंग. दिंडीतल्या आजींच्या कानाला मफलर गुंडाळलेला, खांद्यावर घोंगडी, तोंडातून वाफ निघते आहे आणि पाय मात्र थांबत नाहीत. ज्ञानेश्वर माउलींचे थोरले बंधू आणि गुरू संत निवृत्तिनाथ यांची समाधी त्र्यंबकला ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी आहे. तिच्या दर्शनासाठी ही माणसं वर्षातल्या सगळ्यात गार दिवसांत चालत येतात. थंडीत डोंगराकडे पायी जायची आपल्याकडची रीत इतकी जुनी आहे आणि ती आपल्या दारावरून जाते.

डिसेंबर लागला की आमच्या कॉलनीत चर्चा सुरू होते, यंदा बर्फ बघायला कुठं जायचं? बर्फ बघावासा वाटणं ही चांगली इच्छा आहे, त्याबद्दल लेखाच्या शेवटी लिहिलं आहे. पण गार हवा, पायाखाली डोंगर आणि वाटेत शेकडो वर्षांची एखादी वास्तू एवढंच हवं असेल, तर ते सगळं सातपूरपासून तीस किलोमीटरच्या आत आहे. गाडीचं आरक्षण नको, हॉटेल नको. रात्री आपल्याच घरी, आपल्याच रजईत झोपायचं आणि सकाळी नव्या डोंगरावर जायचं. अशा पाच दिवसांच्या सुटीची आखणी कशी करावी, ते इथे सांगतो.

हेच दिवस का

कार्तिक संपता संपता गवत पिवळं पडतं, वाटा कोरड्या होतात आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्यांवर पाय ठरू लागतो. साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत हा काळ असतो. पुढे ऊन चढतं आणि किल्ल्यांवरच्या टाक्यांतलं पाणी आटायला लागतं.

नाशिक जिल्ह्याची थंडी खरी थंडी आहे. निफाडला काही वर्षी पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो आणि द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवून घड वाचवतात. आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण उत्तरेला सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या डाब-तोरणमाळ भागात, कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठून गवतावर पांढरा थर धरतो. महाराष्ट्रातला माणूस घराजवळ बर्फाच्या जितका जवळ जाऊ शकतो, तितका तिथे जातो.

चालणाऱ्याने थंडीचा एक गुण ओळखून ठेवावा. वारा पडलेल्या निरभ्र रात्री गार हवा जड होऊन खाली उतरते आणि खोलगट भागात साचते. म्हणून पहाटे पायथ्याच्या शेतात हुडहुडी भरते आणि थोडं वर चढलं की बरं वाटतं. माथ्यावर मात्र वारा असतो आणि तो घामेजलेलं अंग पुन्हा गार करतो. पायथा, चढ आणि माथा अशा तीन ठिकाणी तीन तऱ्हेची थंडी असते. कपड्यांचा सगळा विचार यावरूनच करायचा असतो.

दिवस लहान आहे हेही लक्षात ठेवावं. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. पहाटेच्या अंधारात चढू नये, कारण या डोंगरांच्या कुशीत बिबट्याचा वावर आहे. उजाडल्यावर चढाई सुरू करावी आणि चारपर्यंत पायथ्याला यावं.

बघायची एक सवय

माझं निम्मं आयुष्य टूलरूममध्ये गेलं. हातात जॉब आला की आधी कडा बघायची, मग गुण्या लावायचा, मग बोट फिरवून फिनिश बघायचं, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. पहिल्यांदा लेण्यांत गेलो तेव्हा शिल्पातलं मला काही कळत नव्हतं. पण भिंतीवर टाकीचे तिरपे घाव दिसले आणि कळलं की हे आपल्यासारख्याच कुणाच्या तरी हाताचं काम आहे. त्या दिवसापासून वास्तू माझ्याशी बोलू लागल्या.

सातपूरकरांना माझं हेच सांगणं आहे. आपलं गाव हाताने काम करणाऱ्यांचं आहे. घराघरात फिटर, टर्नर, वेल्डर, आयटीआय केलेली मुलं-मुली आहेत. इतिहास येत नाही म्हणून संकोच करू नका. प्रत्येक वास्तूपुढे तीन प्रश्न विचारा. हे कशाने कापलं? आधी काय केलं असेल आणि नंतर काय? पैसा आणि पाणी कुठून आलं? या तीन प्रश्नांतून निम्मा इतिहास उलगडतो, उरलेल्यासाठी पुस्तकं आहेत. आणि एका दिवशी एकच डोंगर करा. चार ठिकाणं एका दिवसात उरकली की फक्त फोटो उरतात.

पहिला दिवस: पांडवलेणी

पाय मोकळे करायला त्रिरश्मी डोंगरावरची पांडवलेणी उत्तम. सातपूरहून अंबडमार्गे पाथर्डी फाट्याला यावं. पायऱ्यांनी वीस-पंचवीस मिनिटांत लेण्यांपर्यंत पोहोचता येतं. इथे २४ लेणी आहेत आणि त्यांचं काम इसवी सनापूर्वीच्या काळापासून पुढे काही शतकं चालू होतं. पांडवांशी त्यांचा संबंध फक्त नावापुरता आहे. ही बौद्ध भिक्खूंची लेणी आहेत.

सगळी लेणी बघण्यापेक्षा तीन नीट बघा. अठराव्या क्रमांकाचं चैत्यगृह हे पहिलं. त्याच्या दर्शनी कमानीत लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल दगडात केली आहे. सुतारकामाची सवय असलेल्या हातांनी नवं माध्यम कसं आपलंसं केलं, ते तिथे कळतं. दुसरं लेणं क्रमांक तीन. त्याच्या दर्शनी भागाचा भार खांद्यावर घेतलेल्या सहा धिप्पाड आकृती जमिनीतून वर आल्यासारख्या दिसतात. याच लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा प्रसिद्ध शिलालेख आहे. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्याच्या १९ व्या वर्षी तिने हे लेणं दान दिलं आणि आपल्या गेलेल्या मुलाचा पराक्रम दगडावर कोरून ठेवला.

तिसरं लेणं क्रमांक दहा. तिथे सातपूरकराने जरा जास्त वेळ थांबावं. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने हे लेणं करवलं. व्हरांड्याच्या भिंतीवर ब्राह्मी लिपीत त्याच्या दानाची नोंद आहे. त्याने तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, ठेव म्हणून ठेवले आणि ते गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघटनांकडे. दोन हजारांवर महिना शेकडा एक आणि एक हजारावर महिना शेकडा पाऊण असा व्याजाचा दर ठरला. मुद्दल कधी मोडायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं. हिशेब करून बघा, दोन हजारांचं वर्षाचं व्याज होतं २४०. वर्षावासासाठी राहणाऱ्या वीस भिक्खूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा द्यावेत, असं लेखात म्हटलं आहे. वीस गुणिले बारा, बरोबर २४०. सुमारे १९०० वर्षांपूर्वी राजाच्या जावयाने कामगारांच्या संघटनेवर कायमच्या ठेवीसाठी विश्वास टाकला, त्याची ही पावती आहे. आणि ते गोवर्धन म्हणजे अभ्यासकांच्या मते आपल्या शेजारचं, गंगापूरजवळचं गोवर्धन.

दुसरा दिवस: रामशेज

नाशिकच्या उत्तरेला दिंडोरी तालुक्यात आशेवाडी गावाजवळ रामशेज किल्ला आहे. तो लहान, आटोपशीर आणि मुलांना घेऊन जाण्यासारखा आहे. चढाई तासाभराची. वाटेत गुहेतलं राममंदिर लागतं. तिथे दम खावा, पाणी प्यावं.

वर पोहोचल्यावर आधी किल्ल्याचा आकार बघा. उंची फार नाही, भोवती दाट जंगल नाही, चारही बाजूंनी मोकळं मैदान. हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढच्या गोष्टीचं मोल कळत नाही. १६८२ मध्ये, संभाजी महाराजांच्या काळात, औरंगजेबाच्या फौजांनी रामशेजला वेढा घातला. शहाबुद्दीन खानासारखे नामांकित सरदार आले आणि हात हलवत परत गेले. किल्ल्यावरच्या मूठभर शिबंदीने काही वर्षं किल्ला लढवला. लोखंडी तोफा नव्हत्या, तेव्हा लाकडाच्या तोफा करून त्यांवर चामडं चढवून त्या डागल्या, अशी नोंद मोगलांच्या बाजूच्या इतिहासकाराने, खाफी खानाने, करून ठेवली आहे. शत्रूच्या लेखणीतून आलेली दाद ही. इथे तिसरा प्रश्न विचारा, पाणी कुठून आलं? मग माथ्यावरची खडकात खोदलेली टाकी शोधत फिरा. किल्ला भिंतींइतकाच टाक्यांच्या जोरावरही लढतो.

परतताना वेळ आणि पाय दोन्ही शिल्लक असतील, तर म्हसरूळच्या चामरलेणीला जा. अकराव्या-बाराव्या शतकातली ही जैन लेणी गजपंथ या तीर्थक्षेत्राचा भाग आहेत. संध्याकाळच्या उन्हात तिथून सगळं नाशिक दिसतं.

तिसरा दिवस: अंजनेरी

हा दिवस मोठा आहे, म्हणून डबा भरपूर घ्या. त्र्यंबक रोडने महिरावणी, तळेगाव मागे टाकून अंजनेरी फाट्याला उतरायचं. सातपूरवरून जाणारी त्र्यंबकची एसटी किंवा सिटीलिंकची बस चालते. सिंहस्थाच्या तयारीच्या कामांमुळे रस्त्यात खोळंबा होऊ शकतो, तेव्हा हाताशी अर्धा तास राखून निघावं.

बहुतेक माणसं फाट्यावरून थेट डोंगराकडे जातात. तुम्ही आधी गावाजवळच्या प्राचीन मंदिरांकडे वळा. यादवकाळातल्या हिंदू आणि जैन मंदिरांचा हा समूह आहे. काही मंदिरं उभी आहेत, काहींचे नुसते खांब आणि चौथरे उरले आहेत. पडलेलं मंदिर शिकणाऱ्याला उभ्या मंदिरापेक्षा जास्त शिकवतं, कारण आतली जोडणी उघडी पडलेली असते. चुना न वापरता दगडावर दगड कसा बसवला, खाचेत खुंटी कशी अडकवली, ते सगळं दिसतं. एका जैन मंदिरात शके १०६३ चा, म्हणजे इसवी सन ११४१-४२ चा, शिलालेख आहे. यादव राजा तिसरा सेऊणचंद्र याच्या काळात चंद्रप्रभ तीर्थंकरांच्या मंदिरासाठी दिलेल्या दुकानांच्या दानाची ती नोंद आहे. म्हणजे आज शांत पडलेल्या या गावात तेव्हा बाजारपेठ होती.

मग डोंगर चढायचा. अंजनेरीची उंची सुमारे १,३०० मीटर. हनुमानाचं जन्मस्थान म्हणून इथे श्रद्धेने येणारे खूप. वनखात्याच्या चौकीवर नोंद करून पायऱ्यांची वाट धरा. खिंडीतून वर जाताना जैन लेणं लागतं. पुढे विस्तीर्ण पठार, त्यावर अंजनीमातेचं मंदिर आणि तळं. इथे अर्धा तास बसा. कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत. ऊन तापू लागलं की लांब चोचीची गिधाडं पंख न हलवता वर वर जाताना दिसतात. आरडाओरडा करू नका, ड्रोन उडवू नका. हिवाळा हाच त्यांचा विणीचा काळ असतो. पठारावरून पुढचा टप्पा चढून माथ्यावरच्या मंदिरापर्यंत जाऊन परत यायला पाच-सहा तास धरावेत.

चौथा दिवस: पायांना सुटी

तिसऱ्या दिवसानंतर पोटऱ्या आणि मांड्या बोलू लागतात. विश्रांतीचा दिवस हा आखणीचाच भाग समजावा. कोमट पाण्यात पाय बुडवावेत, तेल लावून हलकं चोळावं. दुपारी वाटलं तर भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्थेचं नाण्यांचं संग्रहालय बघा. १९८० मध्ये स्थापन झालेली ही संस्था अंजनेरीलाच आहे. पहिल्या दिवशी ज्या कार्षापणांचा हिशेब केला, ती नाणी कशी असत आणि साच्यावर ठोकून नाणं कसं पाडतात, ते तिथे कळतं. ठसा आणि डाय यांवर काम केलेल्या माणसाला तिथून पाय निघणार नाही.

दुसरा पर्याय सिन्नरच्या गोंदेश्वराचा. यादवकाळातलं हे पंचायतन मंदिर सपाटीवर आहे, तेव्हा चढायचं काही नाही. मधल्या मुख्य मंदिराभोवती चार कोपऱ्यांत चार छोटी मंदिरं. अंजनेरीला जी जोडणी तुटलेली पाहिली, ती इथे अखंड बघायला मिळते.

पाचवा दिवस: ब्रह्मगिरी

शेवटचा दिवस त्र्यंबकचा. सकाळी आधी त्र्यंबकेश्वराचं मंदिर बाहेरून नीट बघा. आजचं काळ्या दगडातलं मंदिर नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलं. १७५५ मध्ये सुरू झालेलं काम १७८६ मध्ये पुरं झालं. एकतीस वर्षं! सुरुवात करणाऱ्या पाथरवटांची मुलं शेवटचा दगड बसवायला असतील. एवढा काळ चाललेल्या कामाची सांधेजोड कुठे कमी-जास्त झाली आहे का, ते शोधा. मला सापडलेली नाही.

मग ब्रह्मगिरी. उंची अंजनेरीइतकीच, वाट बांधीव पायऱ्यांची. वरच्या टप्प्यात कातळ खोल कापून काढलेला मार्ग आणि दरवाजे लागतात. इथे पायऱ्या जोडलेल्या नाहीत, डोंगरच कापून पायऱ्या ठेवल्या आहेत. सह्याद्री लाव्ह्याच्या आडव्या थरांनी बनला आहे. बेसॉल्टचा हा दगड कठीण, पण एकसंध. म्हणून तो वरून खाली कापत जाता येतो. वर गोदावरीच्या उगमाचं मूळगंगा मंदिर आहे. आपल्या गंगापूर धरणात येणारं पाणी इथून निघतं हे मुलांना तिथे उभं राहून सांगा, नुसत्या भूगोलाच्या पुस्तकातून ते पोहोचत नाही.

ज्यांना उंचीची भीती वाटत नाही त्यांनी माथ्यावरून दुर्गभांडारकडे जावं. खडकात चर खोदून उतरवलेल्या पायऱ्या, मातीने अर्धा बुजलेला दरवाजा, त्यातून सरपटत बाहेर आलं की दोन्ही बाजूंना दरी असलेला अरुंद दगडी दांड आणि पलीकडे दुसरा किल्ला. वारा असेल त्या दिवशी तिथे जाऊ नये. लहान मुलांना तर मुळीच नेऊ नये.

उतरल्यावर निवृत्तिनाथांच्या समाधीवर डोकं टेकवा. याच ब्रह्मगिरीच्या परिसरात वाट चुकलेल्या निवृत्तिनाथांना गहिनीनाथ भेटले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे.

अंगावर काय, पाठीवर काय

थंडीत एकच जाड स्वेटर घालण्यापेक्षा तीन पातळ थर घालावेत. आत लवकर वाळणारा टी-शर्ट, त्यावर लोकरीचं किंवा फ्लीसचं काही, वर वारा अडवणारं विंडचीटर. सुती बनियन घामाने भिजलं की माथ्यावरच्या वाऱ्यात अंगाला गार चिकटून बसतं. चढायला लागल्यावर पाच मिनिटांत स्वेटर काढावा, घाम फुटायची वाट बघू नये. माथ्यावर पोहोचताच, अंग गार पडण्याआधी, तो पुन्हा चढवावा. कानटोपी आणि ओठांना लावायला व्हॅसलीन विसरू नये.

बूट नवे असतील तर आधी आठवडाभर कामावर घालून जा. तळवा खोल नक्षीचा हवा. हिवाळ्यात पावसाची निसरण नसते, पण घसारा असतो. सुटी माती, बारीक खडी आणि वाळलेलं गवत यांवरून उतरताना पाय सरकतो. पावलं लहान टाका, गुडघे किंचित वाकवा, हातात काठी ठेवा. गुडघ्यांचं दुखणं चढताना नाही, उतरताना उद्भवतं.

पाणी माणशी किमान दोन-तीन लिटर. थंडीत तहान लागत नाही म्हणून लोक पीत नाहीत आणि दुपारी डोकं धरतं. दर अर्ध्या तासाने दोन घोट घ्यावेत. डब्यात बाजरीची भाकरी, ठेचा, गूळ-शेंगदाणे आणि पौषात तिळगूळ. आपल्या घरच्या या खाण्याइतकं थंडीतल्या चढाईला चांगलं दुसरं काही मला सापडलं नाही. टॉर्च, शिट्टी, क्रेप बँडेज, रोजच्या गोळ्या आणि कचरा परत आणायला एक पिशवी एवढं सोबत असावं.

जपायचं काय

रात्रपाळी करून थेट डोंगरावर जाऊ नका. झोप न झालेल्या माणसाचा पाय चुकतो आणि परतीच्या गाडीवर डोळा लागतो. पूर्ण झोप झाल्यावरच निघा. साठीपुढच्यांनी, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून जावं आणि गार सकाळी पहिली पंधरा मिनिटं अगदी सावकाश चढावं.

कड्यांच्या खोबणीत आणि लेण्यांच्या छतावर आग्या मोहोळ असतं. तिथे अत्तर, धूर, गोंगाट, दगड मारणं यांपैकी काहीही जिवावर बेतू शकतं. माश्या उठल्या तर डोकं-तोंड कापडाने झाकून त्या जागेपासून लांब जावं, हात झटकू नयेत.

डोंगरावर शेकोटी नको. वाळलेल्या गवतात एक ठिणगी पडली की वणवा लागतो आणि वर्षभराचं गवत, पाखरांची घरटी, रोपटी सगळं जातं. बिडी-सिगारेटही पायथ्याला ठेवून जावी.

वास्तूवर नाव कोरू नका आणि दुसऱ्यालाही कोरू देऊ नका. राष्ट्रीय संरक्षित स्मारकाची नासधूस हा १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. दुरुस्तीनंतर त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण कायद्याआधी हे आठवा की आपण दिवसभर खपून तयार केलेल्या जॉबवर कुणी खिळ्याने ओरखडा काढला, तर आपल्याला काय वाटेल?

घरी कुठं जातो आणि किती वाजता परतणार हे सांगून निघा. अडचणीत ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक सगळ्यांना, मुलांनाही, पाठ असू द्या.

पुढची पायरी: हरिहर आणि साल्हेर

पाच दिवस नीट पार पडले की हरिहरचा विचार करा. त्र्यंबकच्या पश्चिमेला असलेल्या या किल्ल्याच्या उभ्या कातळात कोरलेल्या पायऱ्या जगभर प्रसिद्ध झाल्या आहेत. प्रत्येक पायरीच्या कडेला हाताच्या बोटांसाठी खोबण्या आहेत. चढणाऱ्याचा हात नेमका कुठे जाईल, हे कोरणाऱ्याने स्वतः चढून बघितलं असणार. १८१८ मध्ये हा किल्ला घेणारा इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्ज या पायऱ्या पाहून थक्क झाला होता. जिल्ह्यातल्या अनेक किल्ल्यांच्या वाटा त्या वेळी सुरुंगाने उडवल्या गेल्या, या मात्र वाचल्या.

तिथे रविवारी जाऊ नका. मी एका रविवारी उशिरा निघालो आणि उतरताना पायऱ्यांवर गर्दीत अडकलो. वरून उतरणारे आणि खालून चढणारे समोरासमोर, मधे एक रडणारं पोर आणि सूर्य मावळलेला. दीड तास खोबणीत बोटं अडकवून उभा होतो. सगळे सुखरूप उतरलो, पण चूक माझी होती. आडवारी, उजाडताच जावं आणि गर्दी दिसली तर पायथ्यावरूनच नमस्कार करून परतावं. डोंगर कुठं जात नाही.

आणखी एका हिवाळ्यासाठी बागलाणातला साल्हेर ठेवा. १,५६७ मीटर उंचीचा हा महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. १६७२ च्या सुरुवातीला इथे मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानावर हरवलं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत आपल्या जिल्ह्याचा साल्हेर आहे. तिथे मुक्काम करावा लागतो, तेव्हा पायथ्याच्या गावात आधी सोय बघावी.

आणि खरा बर्फ

एवढं चालल्यावर बर्फातली वास्तू बघायला जायची तुमची तयारी झालेली असेल. माझ्या मते सामान्य माणसासाठी उत्तराखंडातलं तुंगनाथ योग्य. पंचकेदारांपैकी हे शिवमंदिर ३,६८० मीटरवर आहे, आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच. चोपत्याहून साडेतीन-चार किलोमीटरची फरसबंद वाट आहे. हिवाळ्यात मंदिराची दारं बंद असतात आणि देवाची उत्सवमूर्ती खाली मक्कूमठला नेतात. म्हणून तेव्हा दर्शन मिळतं ते बर्फात उभ्या असलेल्या दगडी देवळाचं, मूर्तीचं नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी सांगावं.

तिथे तीन गोष्टी बदलतात. बर्फ जास्त पडला की गाडी चोपत्यापर्यंत जात नाही, काही किलोमीटर आधीपासून चालावं लागतं. गोठलेल्या बर्फावर बुटाचा नुसता तळवा टिकत नाही, बुटाला बांधायचे लोखंडी काटे आणि पोटरीवरचे गेटर लागतात. ते तिथे भाड्याने घ्यावेत. आणि हवा विरळ असते. उखीमठला एक रात्र, चोपत्याच्या आसपास एक रात्र असं टप्प्याटप्प्याने वर जावं. डोकं ठणकू लागलं, मळमळलं, तर वर न जाता खाली उतरावं. स्थानिक वाटाड्या नसेल तर बर्फात पाऊल टाकू नये. फरसबंदी बर्फाखाली गेली की वाट आणि उतार सारखेच दिसतात.

पण तिथे पोहोचल्यावरही तेच तीन प्रश्न विचारा. एवढ्या उंचीवर हे दगड कशाने कापले, आधी काय रचलं, पाणी आणि पैसा कुठून आला?

सुरुवात कधी

ही सगळी यादी वाचून कुणी म्हणेल, पाच दिवसांची रजा मिळणार कशी? तर एकदम घेऊ नका. पाच साप्ताहिक सुट्या घ्या, पाच आठवडे. आणि शक्य असेल तर पाचवा दिवस पौष वद्य एकादशीच्या आदल्या दिवसाला जोडून घ्या. त्या दिवशी बस नको. सातपूरवरून जाणाऱ्या एखाद्या दिंडीच्या मागे लागा. त्र्यंबक साधारण २२ किलोमीटर. दिंडीत तुमचं नाव कुणी विचारत नाही. वाटेत कुणी चहा देतं, कुणी केळं हातात ठेवतं.

आधीचे चार दिवस तुम्ही डोंगर चढून हातांच्या खुणा बघितलेल्या असतील. त्या दिवशी डाव्या हाताला अंजनेरी दिसू लागेल, तेव्हा आपण चढलेली खिंड तुम्हाला लांबूनच ओळखू येईल. मग शेजारून चालणाऱ्या आजींना बोटाने ती दाखवा आणि त्यांच्या पायांच्या वेगाने पुढे चला.